ब्रॉयलर पिल्लांचा पहिला घास: लवकर खाद्य आणि पूरक पोषणाचं टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं, हे प्रत्येक कुक्कुटपालकाला ठाऊक असतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांबच्या शेडपर्यंत नेता येतात ती याच जोरावर. पण याच माहितीचा आधार घेऊन ‘पहिल्या दिवशी खाद्याची काय घाई’ असं म्हटलं जातं, तेव्हा नुकसान सुरू होतं. बलक हा तग धरण्यापुरता साठा आहे. वाढीचा हिशेब पोटात खाद्य गेल्यावरच सुरू होतो, आणि पस्तीस-चाळीस दिवसांत विकायच्या पक्ष्याच्या आयुष्यात एक दिवस म्हणजे फार मोठा काळ.

म्हणून या लेखात आधी खाद्य, उष्णता आणि पाणी येतं; ग्लुकोज, व्हिटॅमिन, प्रोबायोटिक यांचा नंबर त्यानंतर. बाजारात हे उलट्या क्रमाने विकलं जातं, आणि बऱ्याच शेडवर वापरलंही उलट्याच क्रमाने जातं.

शेडवर उतरलेलं पिल्लू किती तास उपाशी असतं?

पिल्लं बाहेर पडायला २१ दिवस लागतात असं आपण म्हणतो, पण एका मशीनमधली सगळी पिल्लं एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात २४ ते ३६ तासांचं अंतर पडू शकतं. जे आधी फुटलं ते बाकीच्यांची वाट पाहत हॅचरमध्येच, म्हणजे पिल्लं फुटतात त्या यंत्रातच, बसून राहतं. मग पिल्लं बाहेर काढणं, निवड, लसीकरण, मोजणी, खोक्यात भरणं आणि प्रवास. हे सगळं धरलं तर ‘एक दिवसाचं’ म्हणून आलेल्या खोक्यातली काही पिल्लं खरं तर दोन दिवसांची असतात, प्रवास लांबला तर अडीच-तीन दिवसांचीही. त्याच खोक्यात काही पिल्लं मोजून बारा-पंधरा तासांची असतात. दिसायला सगळी सारखीच पिवळी.

त्यामुळे गाडी येण्याआधी हॅचरीला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: पिल्लं मशीनमधून किती वाजता काढली, आणि ती कोणत्या वयाच्या ब्रीडर कळपाची, म्हणजे अंडी घालणाऱ्या आई-बापांच्या कळपाची, आहेत. तरुण कळपाची अंडी लहान, पिल्लं लहान, त्यांचा साठाही कमी. अशा पिल्लांना उष्णता साधारण एक अंश जास्त लागते आणि उपास कमी सोसतो. दोन कळपांची पिल्लं आली असतील तर ती वेगवेगळ्या चिक गार्डमध्येच (पिल्लांभोवती लावलेल्या गोल कुंपणात) सोडा.

पोटात नेमकं काय चाललेलं असतं

नुकत्याच फुटलेल्या पिल्लाचं वजन साधारण ४० ते ४५ ग्रॅम असतं आणि त्यातला दहावा भाग किंवा थोडा जास्त म्हणजे उरलेला बलक. त्यात मुख्यतः चरबी आणि प्रथिनं असतात. साखर जवळजवळ नसतेच. कवच फोडून बाहेर येण्याच्या धडपडीत यकृतातला साखरेचा साठा बराचसा खर्च झालेला असतो. बाहेरून काही मिळालं नाही तर पिल्लू स्वतःच्या प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करतं, आणि ही प्रथिनं बलकातून आणि स्नायूंमधून येतात. बलकात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचाही साठा असतो. रोगापासून वाचवण्यासाठी दिलेली ही शिदोरी अशा वेळी नुसत्या ऊर्जेसाठी जाळली जाते.

दुसरी गोष्ट आतड्याची. पहिल्या आठवड्यात आतडं शरीराच्या इतर भागांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर पहिल्या दोन-तीन दिवसांतच झपाट्याने लांब होतात. ही वाढ सुरू करणारा इशारा म्हणजे आतड्यात आलेलं खाद्य. खाद्य उशिरा आलं की अंकुरांची वाढ मागे पडते, आणि मग कितीही महागडं खाद्य घातलं तरी त्यातलं कमीच अंगी लागतं.

बलक आतड्याशी एका बारीक नळीने जोडलेला असतो. आतडं हलू लागलं की बलकाचा काही भाग त्या नळीतून आतड्यात उतरतो, आणि आतडं हलवायला खाद्य लागतं. म्हणूनच खाद्य मिळालेलं पिल्लू उपाशी पिल्लापेक्षा बलक लवकर संपवतं. ‘आधी बलक जिरू द्या, मग खायला घाला’ हा सल्ला अजूनही कानावर येतो. तो उलटा आहे.

छातीच्या मांसाचाही इथे संबंध आहे. स्नायूंना जाडी देणाऱ्या पेशी बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वांत वेगाने वाढतात. त्या काळातल्या उपासाची भरपाई पुढे वजनात कदाचित होते, छातीच्या मांसात पूर्ण होत नाही.

पायरी १: गाडी येण्याआधीची तयारी

उपाशी पिल्लाला गार जमिनीवर सोडलं तर ते खाद्याकडे जात नाही, एकमेकांत घुसून बसतं. त्यामुळे लवकर खाद्य देण्याची सुरुवात ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारं साधन, पेटवण्यापासून होते. शेड किमान २४ तास आधी तापवा. थंडीत ४८ तास. फक्त हवा तापून उपयोग नाही, तूस आणि त्याखालची जमीनही तापली पाहिजे. पिल्लाच्या उंचीवर हवा ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि लिटरचं (म्हणजे अंथरलेल्या तुसाचं) तापमान २८ ते ३० अंश असावं. ब्रूडरच्या कडेला साधारण ३२ अंश धरा. आर्द्रता ६० ते ७० टक्के. हवा कोरडी असेल तर खोक्यातून सुकून आलेलं पिल्लू आणखी सुकतं.

लिटरचं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. छताला टांगलेला थर्मामीटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवरची गोष्ट सांगतो, पिल्लाच्या पायाखालची नाही.

चिक गार्डमध्ये सुरुवातीला दर चौरस मीटरला ४० ते ५० पिल्लं पुरेत. उजेड भरपूर हवा, पिल्लाच्या उंचीवर किमान ३० ते ४० लक्स, आणि पहिला आठवडा २३ तास. अंधाऱ्या कोपऱ्यात पडलेलं खाद्य पिल्लाला दिसत नाही, आणि दिसलं नाही तर ते खात नाही.

पाण्याच्या लाइन आदल्या दिवशी फ्लश करून घ्या. मागच्या बॅचमध्ये पाण्यातून दिलेल्या औषधांचा आणि टॉनिकचा बुळबुळीत थर पाइपच्या आत बसलेला असतो, तो नव्या पिल्लांच्या पोटात जायला नको. पिल्लं येण्याच्या वेळी पाणी १८ ते २१ अंशांच्या आसपास असलं तर पिल्लं मनापासून पितात. ब्रूडरखाली तासन्‌तास तापलेलं पाणी ती सोडून देतात आणि बर्फासारखं गार पाणी त्यांचं अंग गार करतं.

पायरी २: खाद्य मांडणं

ट्रे आणि फीडर आहेत म्हणून कागद अंथरायचा कंटाळा करू नका. पहिले तीन दिवस पिल्लू चालताना पायाखाली जे सापडेल ते टिपतं, म्हणून खाद्य त्याच्या पायाखाली असलं पाहिजे. ब्रूडिंगच्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग खरखरीत कागदाने झाका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं. दर पिल्लामागे सुमारे ४० ते ५० ग्रॅम खाद्य कागदावर पडेल असा हिशेब धरा, पण एकदम ओतू नका. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा थोडं थोडं भुरभुरवा. खाद्य पडल्याचा कागदावर येणारा आवाज पिल्लांना जागं करतो. दर वेळी नव्याने टाकलेल्या खाद्याकडे ती धावत येतात. खाद्य ब्रूडरच्या अगदी खाली नको. तिथे ते सुकतं, त्यातली व्हिटॅमिनं उडतात, आणि उष्णता सोसेना म्हणून पिल्लंही तिथे थांबत नाहीत.

कागदाबरोबर दर १०० पिल्लांना एक ट्रे आणि एक छोटा चिक ड्रिंकर. निपल लाइन (चोचीने टोचल्यावर थेंब देणारी पाण्याची नळी) असली तरी पहिले दोन दिवस छोटे ड्रिंकर ठेवलेले बरे, विशेषतः लांबून आलेल्या पिल्लांना. कोणत्याही पिल्लाला खाद्य आणि पाणी शोधायला एक मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. कागद तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढून टाका. ओला झाला तर त्याआधीच.

पायरी ३: आधी पाणी की आधी खाद्य?

जुनी पद्धत अशी की पहिले दोन-तीन तास फक्त पाणी, मग भरडा, मग दुसऱ्या दिवशी खाद्य. यामागे विष्ठेने मागचा भाग चिकटण्याची भीती होती. माझं स्पष्ट मत आहे की सर्वसाधारण प्रवासाच्या पिल्लांना पाणी आणि पूर्ण खाद्य एकाच वेळी समोर असावं. प्रवास फार लांबला असेल, पिल्लांचे पाय सुकून त्यावरच्या शिरा ठळक दिसत असतील, तर एक-दीड तास आधी पाणी द्या. त्याहून जास्त नको.

नुसत्या मक्याच्या भरड्याबद्दलही बोललं पाहिजे. पहिला दिवस भरड्यावर काढला तर मागचा भाग कमी चिकटतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. पण मक्यात आतडं आणि स्नायू बांधायला लागणारं लायसिन आणि इतर अमिनो आम्लं पुरेशी नसतात. वाढीच्या सर्वांत वेगवान २४ तासांत पिल्लाला फक्त पिठूळ ऊर्जा देऊन आपण ते मागे ठेवतो. मागचा भाग चिकटण्याची खरी कारणं बहुतेक वेळा गारठा, पाण्याची कमतरता, साखरेचं जास्त पाणी किंवा खाद्यातलं जास्तीचं मीठ अशी असतात. उपाय तिथे करायचा.

पिल्लं उतरवताना खोकी शेडमध्ये थप्पी लावून ठेवू नका. भरल्या खोक्यांच्या मध्ये हवा खेळत नाही आणि आतली पिल्लं काही मिनिटांत धापा टाकू लागतात. एकेक खोकं रिकामं करत पुढे जा, आणि काही पिल्लांच्या चोची पाण्यात हलकेच बुडवा. त्यांनी पाणी शोधलं की बाकीची त्यांच्या मागे जातात. मग तासभर सगळ्यांनी शेडच्या बाहेर थांबा. माणसांच्या वावरात पिल्लं पळतात, स्थिरावत नाहीत.

खाद्य कोणतं असावं

पहिल्या सात ते दहा दिवसांसाठी प्री-स्टार्टर. कच्ची प्रथिनं २२ ते २३ टक्के आणि ऊर्जा किलोला सुमारे ३००० किलोकॅलरी ही सर्वसाधारण पातळी. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पचणारं लायसिन, ते १.२५ ते १.३ टक्क्यांच्या आसपास हवं, आणि मेथिओनिन व थ्रिओनिन त्याच्या प्रमाणात. कॅल्शियम एक टक्क्याच्या जवळ.

सोडियमकडे फारसं कोणी बघत नाही. आतड्यातून ग्लुकोज आणि बरीचशी अमिनो आम्लं शोषली जायला सोडियमची सोबत लागते. म्हणून प्री-स्टार्टरमध्ये ते ०.२० ते ०.२५ टक्के ठेवतात, पुढच्या खाद्यांपेक्षा थोडं जास्त.

चरबीचं उलट आहे. बलकातली चरबी पिल्लू सहज वापरतं, पण खाद्यातली चरबी पचवायला लागणारं पित्त आणि लायपेज विकर पहिल्या आठवड्यात कमीच असतं. त्यात प्राण्यांची घट्ट चरबी तर फारच कमी पचते. त्यामुळे प्री-स्टार्टरमध्ये चरबी ठासून ऊर्जा वाढवण्यापेक्षा थोडं सोयाबीनचं किंवा तत्सम वनस्पती तेल घालावं आणि भार मक्यासारख्या सहज पचणाऱ्या धान्यावर ठेवावा. सोयाबीन पेंड नीट भाजलेली हवी. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनांचं पचन अडवतो, आणि पेंड फारच जास्त झाली की तिच्यातल्या पोटॅशियममुळे आणि न पचणाऱ्या शर्करांमुळे विष्ठा पातळ होते.

खाद्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. चाळलेलं क्रंबल, म्हणजे गोळी खाद्याचा चुरा, दाणा दोन मिलिमीटरच्या आतला. पोतं उघडल्यावर मूठभर खाद्य तळहातावर घेऊन हळूच फुंकर मारा. निम्मं उडून गेलं तर ते पीठ आहे. ते चोचीला चिकटतं, पिल्लू डोकं झटकत राहतं आणि पोटात कमी जातं. जुनं, कुबट वासाचं किंवा बुरशी लागलेल्या मक्याचं खाद्य मोठ्या पक्ष्यांनाही घालू नये. पिल्लांच्या यकृताला तर बुरशीचं विष पहिल्याच आठवड्यात कायमचं मागे ओढतं.

पायरी ४: पूरक पोषण, कशासाठी आणि किती

इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो आणि थोडं खरं कामही होतं. आधी एक हिशेब लक्षात घ्या: पहिल्या दिवशी एक पिल्लू साधारण २० ते २५ मिलिलिटर पाणी पितं, म्हणजे १००० पिल्लं मिळून २० ते २५ लिटर. पूरक जे काही द्याल ते या पाण्याच्या हिशेबाने मोजा आणि चार तासांत संपेल इतकंच कालवा. ५०० लिटरच्या टाकीत पुडी ओतली तर पिल्लांच्या वाट्याला किती आलं हे सांगता येत नाही, आणि उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं.

ग्लुकोज किंवा साखर: लांबच्या प्रवासाने थकलेल्या पिल्लांना सुरुवातीच्या चार-सहा तासांत उपयोगी. लिटरला २० ते ३० ग्रॅम पुरेत. यकृताचा साठा रिकामा असलेल्या पिल्लाला ती लगेच तरतरी देते, आणि तरतरी आलेलं पिल्लू खाद्याकडे जातं. एवढंच तिचं काम. दिवसभर, दोन-दोन दिवस साखरपाणी देत राहिलं तर पोट गोड पाण्याने भरतं, खाद्य कमी खाल्लं जातं, विष्ठा चिकट होते आणि पाइपमध्ये जंतूंना मेजवानी मिळते. जवळच्या हॅचरीतून सहा-आठ तासांत आलेल्या तरतरीत पिल्लांना साखरेची गरजच नसते.

इलेक्ट्रोलाइट: उन्हाळ्यात किंवा सुकून आलेल्या पिल्लांना पहिला दिवस, पाकिटावरच्या मात्रेने. मात्रा दुप्पट केली म्हणून फायदा दुप्पट होत नाही. लहान पिल्लाची मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकू शकत नाहीत आणि पोटात पाणी साठून ती मरतात. पाणी आधीच खारं असेल तर इलेक्ट्रोलाइट देण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या.

व्हिटॅमिनं: चांगल्या प्री-स्टार्टरमध्ये व्हिटॅमिनं असतातच. पाण्यातून अ, ड३, ई, क आणि बी गट तीन ते पाच दिवस दिल्याने प्रवासाच्या ताणात मदत होते, विशेषतः पिल्लं नीट खात नसतील तेव्हा. कारण न खाल्लेल्या खाद्यातलं व्हिटॅमिन पोटात जात नाही. ई आणि सेलेनियम प्रतिकारशक्तीला आधार देतात, ड३ हाडांना. पण अ आणि ड३ शरीरात साठतात, आणि सेलेनियमच्या उपयोगी मात्रेत आणि विषारी मात्रेत अंतर थोडंच असतं. त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची टॉनिकं एकत्र देताना दोघांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच वेळा नावं वेगळी आणि आतला माल तोच असतो.

प्रोबायोटिक: पहिल्या आठवड्यातलं एकच पूरक निवडायचं असेल तर मी हे निवडीन. स्वच्छ यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आईचा सहवास मिळालेला नसतो, त्यामुळे चांगले जंतू त्याच्या आतड्यात सहजासहजी पोचत नाहीत, आणि जो जंतू आधी पोचेल तो जागा पकडतो. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जंतू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेला त्यांच्यात सहज घर करू शकत नाही. आजच्या प्रोबायोटिकमागची कल्पना तीच आहे. त्यातून निघणारा व्यवहारी नियम असा की प्रोबायोटिक पहिल्या पाण्यातून किंवा पहिल्या खाद्यातून गेलं तरच त्याला अर्थ आहे. पाचव्या दिवशी दिलं तर जागा आधीच भरलेली असते. ते जिवंत असतं हे विसरू नका. क्लोरीन असलेल्या पाण्यात टाकलं की जंतू मरतात. त्यासाठी पाणी क्लोरीनविरहित ठेवा किंवा आधी स्किम मिल्क पावडर लिटरला सुमारे अडीच ग्रॅम कालवून क्लोरीन निष्क्रिय करा. पावडर घालून थोडा वेळ थांबायचं आणि मगच प्रोबायोटिक. अँटिबायोटिकबरोबर तर ते मुळीच देऊ नका.

जेल आणि ओलसर पूरक: काही हॅचरी प्रवासाच्या खोक्यातच पाणी धरून ठेवणारं जेल किंवा ओलसर खाद्य टाकतात. प्रवास बारा-पंधरा तासांहून जास्त असेल तर ही सोय मागून घेण्यासारखी आहे. पिल्लं ते टिपत येतात आणि शेडवर उतरल्यावर लगेच खाऊ लागतात.

अँटिबायोटिकबद्दल वेगळं सांगतो. ‘पहिले तीन दिवस अँटिबायोटिकचा कोर्स’ ही सवय बऱ्याच शेडवर पक्की बसली आहे. बेंबी कच्ची असेल, मरतूक वाढली असेल, तर मेलेली पिल्लं पशुवैद्यकांना दाखवा आणि त्यांनी सांगितलं तर द्या. निरोगी पिल्लांना खबरदारी म्हणून देणं म्हणजे त्यांच्या आतड्यात बसू पाहणाऱ्या चांगल्या जंतूंनाच आधी मारणं. आणि एक धोका जिवावरचा आहे: खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन यांसारखं कॉक्सिडिओसिसविरोधी (आतड्याच्या परजीवी रोगाविरुद्धचं) औषध असताना टायम्युलिन हे अँटिबायोटिक दिलं तर पक्षी लुळे पडून मरतात. पोत्याच्या लेबलवर ही नावं असतात, बघून घ्या.

पायरी ५: अन्नपिशवी चाचपणं

पिल्लांनी खाल्लं की नाही हे ट्रे बघून कळत नाही, पिल्लू हातात घेऊन कळतं. सोडल्यानंतर २, ४, ८, १२ आणि २४ तासांनी शेडच्या तीन-चार जागांहून एकूण ३० ते ४० पिल्लं उचला. अंगठा आणि तर्जनीने गळ्याखाली उजव्या बाजूला हलकेच दाबून बघा. पिशवी गोल आणि मऊ, घट्ट लापशीसारखी लागली तर खाद्य आणि पाणी दोन्ही पोटात गेलंय. कडक लागली आणि आत क्रंबलचे कण तसेच जाणवले तर पाणी कमी पडतंय. नुसती फुगलेली आणि पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर खाद्य मिळालेलं नाही. रिकामी असेल तर बोटांत काहीच येत नाही.

दोन तासांनी ७५ टक्के पिल्लांच्या पिशव्यांत काही ना काही हवं, चार तासांनी ८० टक्के, १२ तासांनी ८५ आणि २४ तासांनी ९५ टक्के. आकडे कमी आले तर टॉनिकची बाटली उघडण्याआधी लिटरचं तापमान, उजेड आणि पाणी तपासा. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर जमीन गार आहे. अचूक हवं असेल तर कानात लावायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पिल्लाच्या गुदद्वाराच्या कोरड्या भागाचं तापमान घ्या. ते ३९.४ ते ४०.५ अंशांत असलं तर पिल्लू सुखात आहे. ओल्या मागच्या भागावर हे मोजू नका, आकडा चुकतो.

रात्री दोन वाजताची फेरी टाळू नका. बहुतेक शेड त्याच वेळी गार होतात आणि संध्याकाळी भरलेल्या पिशव्या पहाटे रिकाम्या सापडतात.

पायरी ६: दुसरा ते सातवा दिवस

पूरकांचा जोर इथे कमी व्हायला हवा आणि खाद्याचा वाढायला. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू साधारण १५० ते १७० ग्रॅम खाद्य खातं. रोज किती पोती उघडली याची नोंद ठेवा. वजनाआधी खाद्यच सांगतं की काहीतरी बिघडलंय. ड्रिंकर दिवसातून किमान दोनदा धुवा. पाण्यात क्लोरीन सुरू केलं असेल तर लाइनच्या शेवटच्या निपलवर ते २ ते ३ पीपीएम आहे का ते बघा. पाण्यातून लस द्यायची असेल तर २४ तास आधी क्लोरीन आणि आम्लं बंद.

मरतूक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते तेव्हा बहुतेक जण रोगाचा संशय घेतात. मेलेलं पिल्लू कापून बघा. अन्नपिशवी रिकामी, गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पोटात) तुसाचे तुकडे, पित्ताशय टम्म आणि गडद हिरवं, पाय वाळलेले, बलक संपलेला: हे पिल्लू रोगाने मेलेलं नाही, त्याने कधी खाल्लंच नव्हतं. बलक संपला त्या दिवशी ते गेलं. याउलट बलकाची पिशवी मोठी, घाण वासाची, तपकिरी किंवा हिरवट आणि बेंबी लालसर असेल तर तो बेंबीचा संसर्ग आहे, त्याचा मागोवा हॅचरीपर्यंत जातो. मूत्रपिंडं पांढरट सुजलेली आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा थर दिसला तर पिल्लं पाण्याविना राहिली होती असा पहिला संशय घ्या. तिन्ही ठिकाणी उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाच अँटिबायोटिकने तिन्ही सुटत नाहीत.

आता काही देशांत हॅचरमध्येच खाद्य, पाणी आणि उजेड दिला जातो, किंवा १८ दिवसांची अंडी थेट शेडमध्ये ठेवून पिल्लं तिथेच फुटू देतात. अंड्यात असतानाच गर्भाला पोषक द्रव टोचण्याच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट झेहावा युनी आणि पीटर फेर्केट यांना २००३ मध्ये मिळालं. ही सगळी साधनं प्रत्येकाच्या आवाक्यात नाहीत. पण ती ज्या दोन दिवसांच्या उपासावर उत्तर शोधतात, त्यातला शेवटचा टप्पा कोणत्याही शेडवर, कागद आणि वेळेवर टाकलेल्या खाद्याने कमी करता येतो.

सातव्या दिवशी वजन करा. १००० पिल्लांमागे वेगवेगळ्या जागांहून किमान १०० पिल्लं, आणि दर वेळी दिवसाच्या त्याच सुमाराला. पहिल्या दिवशीही खोक्यासकट वजन घेतलेलं असलं पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? सात दिवसांत वजन चौपटीच्या वर, शक्यतो साडेचारपट व्हावं. ४२ ग्रॅमचं पिल्लू १८० ग्रॅमच्या पुढे दिसावं. पहिल्या आठवड्याची मरतूक एक टक्क्याच्या आत असावी. लहान राहिलेली पिल्लं याच दिवशी वेगळ्या गार्डमध्ये काढा, त्यांना ब्रूडरच्या जवळ जागा द्या आणि प्री-स्टार्टर आणखी तीन-चार दिवस चालू ठेवा. बाकीच्यांना स्टार्टर या पुढच्या खाद्यावर नेताना दोन दिवस दोन्ही खाद्यं मिसळून द्या.